डॉक्टर वर्षानुवर्षे तोच हवा

एमबीबीएस संपवून पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करणाऱ्या ज्या मुलामुलींना रुग्णांशी नाते जोडण्याची ओढ असते, त्यांना ठरलेला सल्ला मिळतो : मानसोपचार घे, बालरोग घे, कर्करोग घे, रेडिओलॉजी आणि भूलशास्त्राच्या वाटेला जाऊ नकोस. नाते हा विषयाचा गुणधर्म आहे, योग्य विषय निवडला की ते आपोआप पदरात पडते, असे या सल्ल्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतच मला मान्य नाही. एकाच माणसाची, त्याच्या सगळ्या दुखण्याखुपण्यांसह, पुष्कळ वर्षे जबाबदारी घेतली म्हणजे नाते तयार होते. म्हणून ज्याला नात्याची आस आहे त्याने कुटुंबवैद्यक ही शाखा निवडावी, ती भोर-वेल्ह्यासारख्या मुलखात चालवावी, आणि शासनाने व समाजाने त्याला तिथे टिकू द्यावे, असे माझे म्हणणे आहे.

भोर-वेल्ह्याचेच नाव घेण्याला कारण आहे. हे दोन्ही तालुके पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर. भोरला उपजिल्हा रुग्णालय, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय, आणि बाकी भिस्त प्राथमिक आरोग्य केंद्रांवर. वेल्हे, ज्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, तिथली लोकसंख्या २०११च्या जनगणनेत जेमतेम ५५ हजार होती. डोंगरखोऱ्यांत विखुरलेल्या एवढ्या वस्तीत हृदयाचा, मेंदूचा, सांध्यांचा असा वेगवेगळा तज्ज्ञ तग धरू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची आहे. मग रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखी एकत्र नांदत असलेली भाटघर धरणाच्या पलीकडची म्हातारी पुण्याला जाते, तीन दवाखान्यांच्या तीन फायली घेऊन परतते, आणि तिन्हीकडच्या गोळ्या एकमेकींशी जुळतात का, हे पाहायला कुणीच नसते. त्या तिघांपैकी एकही निष्काळजी नाही. डायलिसिसच्या रुग्णाशी मूत्रपिंडतज्ज्ञाचे वर्षानुवर्षांचे नाते जुळते, तेही खरे. पण ते एका अवयवाच्या वाटेने आलेले नाते आहे. म्हातारीचा मुलगा मुंबईला असतो, आवणीच्या दिवसांत ती गोळ्या विसरते, दोन्ही सुनांचे एकमेकींशी पटत नाही : या गोष्टी तिच्या रक्तदाबाला चिकटलेल्या आहेत, आणि त्या कुठल्याच फायलीत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की नाते ही भावनेची चैन आहे, जीव वाचतो तो कौशल्याने. पुरावा मात्र तसे सांगत नाही. ‘बीएमजे ओपन’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात नऊ देशांतले २२ अभ्यास तपासले गेले, त्यांतल्या १८ अभ्यासांत, रुग्ण त्याच त्या डॉक्टरकडे जात राहिला तर मृत्यूचे प्रमाण कमी, असे आढळले. कुणी म्हणेल, ज्यांचा डॉक्टर बदलत नाही ते मुळातच स्थिर आणि सुस्थितीतले असतील. शंका रास्त आहे. म्हणूनच नॉर्वेचा अभ्यास महत्त्वाचा. तिथे जवळजवळ प्रत्येक नागरिकाला नेमून दिलेला डॉक्टर असतो. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींत दिसले, की डॉक्टरशी ओळख जितकी जुनी, तितके रुग्णालयात दाखल होणे आणि मरण पावणे कमी; पंधरा वर्षांहून जुन्या ओळखीत हा फरक पाव हिश्श्याच्या घरात गेला. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी पंचवीस वर्षे एकाच वस्तीची जबाबदारी घेतली, प्रौढांचे रक्तदाब नेमाने मोजले. शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत तिथले अकाली मृत्यू २८ टक्क्यांनी कमी निघाले. वैद्यकाची सर्वांत जास्त गरज असते तिथेच ते सर्वांत कमी पोहोचते, हा त्यांनी १९७१ साली मांडलेला नियम भोर-वेल्ह्याला लावून पाहण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप म्हणे, विंचू चावला, साप चावला, तिथे नात्याचा काय उपयोग? याचे उत्तर वरंधा घाटाच्या पलीकडेच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे फुप्फुसात पाणी होऊन दगावत होती. रुग्णाजवळ तासन् तास थांबून त्यांनी विषाचा प्रवास नोंदला. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि पुढे रक्तदाबावरचे प्रॅझोसिन या दंशावर वापरून त्यांनी शेकडा चाळीसच्या आसपास असलेले मृत्यू एकाच्या जवळ आणले. एमडी झाल्यावरही ते महाडलाच परतले. एका जागी टिकून राहिल्याने ज्ञान कसे वाढते, याचा हा दाखला आहे. शिवाय साप चावल्यावरचा पहिला तास मांत्रिकाकडे जातो की रुग्णालयाकडे, हे त्या तासात ठरत नाही. आदल्या पाच-दहा वर्षांत ज्या डॉक्टरने घरातले ताप आणि बाळंतपणे पाहिली, त्याच्यावरच्या विश्वासाने ते ठरलेले असते.

तिसरा आक्षेप रुग्णांवरच ठपका ठेवतो : त्यांना नाते नको, सुई आणि सलाईन हवे. पण हा हट्ट येतो कुठून? सरकारी महाविद्यालयातून शिकलेला डॉक्टर वर्षाच्या बंधपत्रावर केंद्रात येतो आणि वाड्यावस्त्यांच्या वाटा कळेपर्यंत त्याची मुदत भरते. पुन्हा भेटण्याची खात्री नसलेल्या डॉक्टरकडून आजच काही पदरात पाडून घ्यावे, असे रुग्णाला वाटले तर तो शहाणपणाच आहे. डॉक्टरलाही मग समजावण्यापेक्षा सुई टोचणे सोपे वाटते. गावात वर्षानुवर्षे असतात त्या आशाताई आणि नर्सबाई. आज सातत्याचा सगळा भार त्याच वाहतात.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. ओळख आंधळी करू शकते. नेहमीची तक्रार करणाऱ्याची नवी तक्रार ‘हे तर जुनेच’ म्हणून सुटू शकते. शिवाय एकटा डॉक्टर थकतो, त्याची मुलेही शिकायची असतात. याला त्यागाची प्रवचने हे उत्तर नव्हे. दोघा-तिघांनी मिळून चालवलेली केंद्रे हवीत, म्हणजे एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसेल आणि रजाही मिळेल. नोंदी चोख हव्यात. आणि पुण्याच्या तज्ज्ञाशी फोनवर बोलण्याची सोय हवी. डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र हा निकष आहेच. त्याला पाच-सात वर्षांच्या नेमणुकीची आणि कुटुंबवैद्यकातल्या पदवीची जोड द्यायची आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही ही पदवी लोकप्रिय करावी असे म्हटले आहे. ज्यांना प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक मिळाला नाही त्यांची ही शाखा, हा समज मोडायचा तर त्या पदवीला पद, पगार आणि बढती द्यावी लागेल. तोवर नात्याची आस असलेल्या विद्यार्थ्याने विषयांची यादी चाळण्याआधी स्वतःला एवढे विचारावे, की कोणत्या वस्तीची जबाबदारी मी दहा वर्षे घ्यायला तयार आहे? आणि त्याला सल्ला देणाऱ्या आपण सर्वांनी, ती दहा वर्षे त्याला परवडतील अशी व्यवस्था मागावी.