तांबडा चट्टा कोणाच्या कातडीवर?

अमेरिकेत ल्युपस हा आजार काळ्या स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांच्या दोन-तीन पट अधिक होतो. शरीराची संरक्षणशक्तीच उलटून सांध्यांवर, मूत्रपिंडावर चालून जाते. नाकागालावर फुलपाखरासारखा तांबडा चट्टा, ही त्याची खूण डॉक्टर पुस्तकातून शिकतात. पण पुस्तकातली चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची! काळ्या कातडीवर चट्टा जांभळट, तपकिरी दिसतो, नजरेतून सुटतो आणि तोवर मूत्रपिंडाला धक्का बसलेला असतो. लंडनचा काळा वैद्यकीय विद्यार्थी मलोन मुक्वेंडे याने २०२० साली दोन शिक्षकांसह काळ्या-सावळ्या कातडीवरील खुणांची पुस्तिकाच काढली. आम्ही कारकून, डॉक्टर नव्हे. पण आमच्या मायबहिणींची कातडीही सावळीच. सांधे दुखतात, ताप येतो, चट्टा जात नाही, तर 'उन्हाने झालं' म्हणून मलम चोळत बसू नका. सरकारी रुग्णालयात दाखवा, लघवीची तपासणीही करून मागा.