नोबेलविजेते कुट्सी इंग्रजीत लिहितात, मग कादंबरी आधी स्पॅनिशमध्ये का?

जे. एम. कुट्सी यांचा जन्म १९४० चा, केप टाऊनमधला. घराणं आफ्रिकानर, पण घरात बोलली जायची इंग्रजी. वर्णभेदाच्या काळात सरकारी सेन्सॉरने त्यांच्या तीन कादंबऱ्या तपासल्या आणि सोडून दिल्या. असं जड साहित्य सामान्य लोक वाचणार नाहीत, असा परीक्षकांचा हिशेब होता.

वाद पेटला तो लोकशाही आल्यावर. १९९९ मध्ये ‘डिसग्रेस’ला बुकर मिळालं; कुट्सींचं हे दुसरं. पुढच्याच वर्षी सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने मानवी हक्क आयोगासमोर वंशवादाबद्दल बोलताना याच कादंबरीचा दाखला दिला. २००२ मध्ये कुट्सी ऑस्ट्रेलियात गेले, २००३ मध्ये नोबेल मिळालं.

आता त्यांचा आक्षेप इंग्रजीच्या दादागिरीवर आहे. म्हणूनच ‘द पोल’ इंग्रजीत लिहूनही २०२२ मध्ये आधी अर्जेंटिनात, स्पॅनिशमध्ये आली. इंग्रजी वाचकांना २०२३ पर्यंत थांबावं लागलं.

अर्थात, नोबेलविजेत्यासाठी वाचक थांबतात. झुलूत किंवा मराठीत लिहिणाऱ्या नव्या लेखकाला मात्र जगापर्यंत पोहोचायला आजही बहुतेकदा इंग्रजीचंच दार ठोठवावं लागतं.