टाळीचा अपराध

मुंबईच्या एखाद्या सभागृहात पाश्चात्त्य क्वार्टेटचे वादन चालू असावे, दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो यांनी पहिला भाग संपवावा, आणि मागे बसलेल्या एखाद्या कुटुंबाने आनंदाच्या भरात टाळ्या वाजवाव्या, की पुढील रांगांतील माना गर्रकन मागे वळतात. बेसूर वाजविणाऱ्याच्याही वाट्यास न येणारा तिरस्कार त्या नजरांत असतो. चारही भाग संपेपर्यंत टाळी वाजवू नये, हे ज्यास ठाऊक नाही तो अडाणी, असे आमच्या इंग्रजी शिकलेल्या वर्गाने ठरवून टाकले आहे. आमचे भांडण त्या नियमाशी थोडे आणि त्या वळलेल्या मानांशी फार आहे.

हा नियम सनातन आहे, अशी ह्या मंडळींची समजूत दिसते. वस्तुतः चेंबर म्युझिक हे मूळचे दिवाणखान्यातील संगीत. ते सार्वजनिक सभेत आले तेव्हा श्रोते मुळीच मुके नव्हते. १७९३ साली लंडनच्या जलशांकरिता हायडनने जे क्वार्टेट रचले, त्यांतील बहुतेकांच्या आरंभी ठळक स्वरसंघ घातले आहेत. श्रोत्यांची कुजबुज थांबविण्याचाच तो उपाय होता, असे जाणते म्हणतात. २१ मार्च १८२६ रोजी व्हिएन्नात बीथोव्हेनचा बी फ्लॅटमधील क्वार्टेट प्रथम वाजला, तेव्हा श्रोत्यांनी त्यातील दोन भाग पुन्हा वाजवावयास लावले. बीथोव्हेन जवळच्या पानगृहात बसला होता. ही वार्ता ऐकून तो संतापला खरा, परंतु कशासाठी? तर शेवटच्या फ्यूगलाही तसाच आग्रह का झाला नाही म्हणून! भागाभागांमधील आजची शांतता बऱ्याच नंतरची. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून ती हळूहळू रुळली.

रचना अखंड आहे, मधली शांतता हा तिचाच अंश आहे, असा युक्तिवाद करण्यात येतो. तो पोकळ नाही. एखाद्या विलंबित भागानंतर टाळी वाजविण्याचे भानच राहत नाही. परंतु ती शांतता आतून यावी लागते. शेजाऱ्याच्या धाकाने राखलेल्या शांततेला आम्ही रसिकता म्हणणार नाही. शिवाय हेच गृहस्थ आदल्या रात्री ख्यालाच्या बैठकीत समेवर मान डोलवून 'क्या बात है' म्हणत असतात. तेथे रागाची अखंडता बिघडत नाही काय?

वादन चालू असता भ्रमणध्वनी वाजू देणाऱ्याकडे अवश्य डोळे वटारावेत; त्या कामी आम्हीही सामील होऊ. पण टाळी वाजवून लगेच हात मांडीखाली लपविणारी दहा वर्षांची मुलगी पुढच्या वर्षी येईल काय? युद्धकाळात, १९३९ ते १९४६ पर्यंत, मायरा हेस यांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीत भर दुपारी १,६९८ जलसे करविले. प्रवेश एका शिलिंगात होता. हे संगीत मूठभरांचेच, असे म्हणणाऱ्यांनी तेथील गर्दी आठवावी.

आमच्याकडील कार्यक्रमपत्रिकांत संगीतकाराच्या जन्ममृत्यूच्या सनांस आणि देणगीदारांच्या नामावळीस भरपूर जागा मिळते. रचनेचे भाग किती आणि मधे टाळी वाजली तरी हरकत नाही, एवढी एक ओळ छापावयास असा कितीसा खर्च येतो?