दया असो वा दंड, कागदावर असो

कायदा दिल्लींत होतो, पण गरिबाच्या दारीं तो येतो वनरक्षकाच्या पायांनीं. आमच्या निफाड तालुक्यांत गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचें पक्षी अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें. पुढें रामसर यादींत जाण्याचा महाराष्ट्रांतील पहिला मान त्यास मिळाला. विंचूरच्या लोकांस याचा अभिमान वाटावा हें योग्यच. परंतु त्याच पाण्यावर मासे धरून पोट भरणारीं घरें आहेत, त्यांचें काय?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत अभयारण्यांतील शिकारीस किमान तीन वर्षें कैद आहे. कायद्याच्या व्याख्येंत मासाहि प्राणीच. मग पोरांच्या घासासाठीं चार मासे धरणारा आणि मोटारींतून येऊन मौजेखातर पाखरें पाडणारा, दोघेहि एकाच कायद्याच्या दाव्याला बांधले जातात. त्यांतील फरक ओळखावयाचा तो बांधावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यानें. पहिल्यास समज द्यावी, दुसऱ्यास न्यायालय दाखवावें, एवढा विवेक त्याजपाशीं नसेल तर कायदा हा आंधळ्याच्या हातचा कोयता होय.

तर मग आमचें गाऱ्हाणें विवेकाविषयीं नाहीं. तो तोंडी चालतो त्याविषयीं आहे. तोंडी दया उद्यां उपकार होते आणि परवां त्या उपकाराची किंमत मागितली जाते. ज्याचा वशिला आहे तो सुटतो. ज्याचा नाहीं त्याचें जाळें जातें. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांतहि जंगलखात्याचें गाऱ्हाणें आहेच. राज्य बदललें, रोग पुरता गेला नाहीं.

आणि गंमत अशी कीं, खुद्द कायदा लेखी व्यवहार मागतो. पिकाचा नाश करणाऱ्या जनावराच्या शिकारीची परवानगी कलम ११ प्रमाणें कारणांसह लेखीच द्यावी लागते. कलम ५० सांगतें कीं, पकडलेला मनुष्य व जप्त माल ताबडतोब मॅजिस्ट्रेटापुढें न्यावा. छळाकरितां निष्कारण जप्ती केली तर कलम ५३ अन्वये अधिकाऱ्यासच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. कलम ५४ प्रमाणें रक्कम घेऊन किरकोळ गुन्हा मिटवितां येतो, पण राज्यांत तो अधिकार उपवनसंरक्षकाच्या दर्जाखालीं कोणासहि नाहीं. म्हणून बांधावर ‘एवढे दे आणि जा’ असें जो म्हणतो, तो मागतो तो दंड नव्हे, लांच होय. २०२२ च्या दुरुस्तीनें या तडजोडीची मर्यादा २५ हजारांवरून ५ लाखांवर गेली आहे. रक्कम वाढली तशी पावतीची गरजहि वाढली.

बंधूंनो, आतां आपलेंहि माप पाहूं. घोरपड पहिल्या अनुसूचींत आहे. ती कोठेंहि मारली तरी किमान तीन वर्षें, आणि तेथें तडजोड नाहीं. बिबट्या अंगावर आला असतां जीव वाचवितांना तो मेला तर गुन्हा नाहीं. पण उसांत विष पेरून त्यास मारणें हा गुन्हाच. हौसेनें फासे लावून मागाहून ‘आम्ही गरीब’ म्हणणारा मनुष्य खऱ्या गरिबाची ढाल चोरतो. त्याची कड कोणी घेऊं नये.

आमची मागणी साधी आहे. किती जणांस पकडलें, किती जणांस समज देऊन सोडलें, कोणत्या कारणानें, आणि किती रक्कम जमा झाली, हें वनखात्यानें दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावें. नांवें नकोत, गांव, गुन्हा व कारण पुरे. प्रामाणिक अधिकाऱ्याचें यांत रक्षणच आहे. आणि वाचकांनीं एवढें करावें: पावतीवांचून एक पैसाहि देऊं नये, आणि न वाचतां कोणत्याहि कागदावर अंगठा उठवूं नये. वाचतां येत नसेल तर शाळेंत यावें. मास्तर वाचून दाखवील.