नांगराला थारा हवा

वर्सोवा आणि मढ यांच्यामधून मालाडची खाडी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे मासेमारीच्या हंगामात एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या होड्या अंधेरीच्या रहिवाशाला नित्य दिसतात; आणि होडी समुद्रावरून परतली, खाडीत शिरली, नांगर पाण्यात पडला, म्हणजे तिच्यावरचे संकट टळले, असे त्याला सहजच वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. खुल्या समुद्रात तांडेलाला वाऱ्याशी आणि लाटांशी झुंजावे लागते हे खरे, परंतु तेथे त्याच्या भोवती मोकळे पाणी असते. खाडीत मात्र खडक, वाळूचा दांडा आणि शेजारची होडी ही सारी अगदी जवळ असतात, आणि नांगर घसरलाच तर सावरण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. म्हणून उपनगरांतील खाड्यांमध्ये नांगर टाकण्यासाठी सुरक्षित जागा राखणे हे शासनाचे आणि महापालिकेचे कर्तव्य आहे, ते एकट्या कोळ्यांवर सोपविता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत केवळ सहानुभूतीतून आलेले नाही. नांगराच्या शास्त्रातूनच ते निघते. नांगराचे सारे सामर्थ्य त्याची पाती तळात रुतण्यात आहे, आणि ती रुतून राहावयाची तर त्यांच्यावर पडणारी ओढ तळाशी जवळजवळ समांतर असावी लागते. दोर आखूड असेल, तर तीच ओढ वरच्या दिशेने होऊन नांगराला उपटून काढते. म्हणून नुसता दोर असेल तर तो पाण्याच्या खोलीच्या सातपट सोडावा, आणि जड साखळी असेल तर चौपट-पाचपट सोडून चालते, असा नौकानयनातील सर्वमान्य दंडक आहे. ग्रीसच्या बेटांमधील आडोशाच्या उपसागरांत यॉट नांगरणाऱ्याला उन्हाळ्यातील उत्तरेच्या वाऱ्याची चिंता वाहावी लागते, पण एजियन समुद्राला भरती-ओहोटी नाममात्रच असल्यामुळे सायंकाळी मोजलेली खोली पहाटे जवळपास तेवढीच राहते. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी ओहोटीच्या आणि भरतीच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. ओहोटीला २ मीटर पाण्यात १४ मीटर दोर सोडून निश्चिंत झालेल्या होडीखाली सहा तासांनी ६ मीटर पाणी येते, आणि जो दोर सातपट होता तो दुपटीहून किंचित अधिक उरतो. भरतीचा हिशेब सांभाळावयाचा तर ४२ मीटर दोर हवा.

परंतु ४२ मीटर दोर सोडलेली होडी वाऱ्याबरोबर आणि दिवसातून चार वेळा दिशा पालटणाऱ्या प्रवाहाबरोबर केवढ्या मोठ्या वर्तुळात फिरेल, याचा विचार केला म्हणजे अडचणीचे मूळ ध्यानात येते. तेवढी जागा खाडीत कोणालाच मिळत नाही. मग नाळेकडून एक आणि मागून एक असे दोन नांगर टाकून, किंवा शेजारच्या होडीला बांधून घेऊन, आखूड दोरावर निभावून न्यावे लागते. आणि त्या गर्दीत एका होडीचा नांगर सुटला की ती आपल्याबरोबर शेजारच्या होड्यांनाही ओढीत नेते. तांडेलाचे कौशल्य कितीही वाखाणण्याजोगे असले, तरी त्याच्या हातात स्वतःचा दोर असतो, खाडीची रुंदी आणि खोली नसते. जेथे व्यक्तीच्या कौशल्याची हद्द संपते, तेथे सार्वजनिक कारभाराची जबाबदारी सुरू होते.

ही रुंदी आणि खोली दोन्ही कमी होत चालल्या आहेत. ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या नद्या मालाड आणि मनोरीच्या खाड्यांना मिळतात, आणि डोंगरावरच्या मातीबरोबर शहराचे सांडपाणी, राडारोडा आणि प्लास्टिक घेऊन येतात. चिखलाचा तळ नांगराला उत्तम धरतो. पण त्यावर प्लास्टिकचा थर बसला तर पाती रुतत नाहीत, आणि वर तरंगणारे तुटके जाळे पंख्यात अडकले तर होडी ऐन वेळी निकामी होते. मुखाशी गाळ साचला म्हणजे ओहोटीला होडी आत घेता येत नाही, आणि वादळ मागे लागलेले असतानाही भरतीची वाट पाहत तिला बाहेर थांबावे लागते.

सुरक्षित बंदराचे महत्त्व आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्याच्या आधीच आरमार निवाऱ्याच्या बंदरात छावणीला आणावे, उघड्या समुद्रात ठेवू नये, आणि दरवर्षी छावणीचे बंदर बदलावे, अशी ताकीद त्यात आहे. ज्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज असे तीन प्रबळ शत्रू होते, त्यांनी पावसाळ्यातील निवाऱ्याला राज्यकारभाराचा विषय मानले, ही गोष्ट आजच्या कारभाऱ्यांनीही मनावर घ्यावी अशी आहे.

त्या काळी संकटाची वेळ तरी ठरलेली होती. आता तीही राहिलेली नाही. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. परंतु फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आले आणि तौक्ते मे २०२१ मध्ये, म्हणजे दोन्ही मासेमारीच्या ऐन हंगामात. तौक्तेच्या वेळी बॉम्बे हायजवळ पी-३०५ या बार्जचे नांगर तुटले, २६१ माणसांना घेऊन ते भरकटले आणि १७ मे रोजी बुडाले. सत्तरांच्या वर माणसे गेली. मोठ्या कंपनीच्या कामावरील बार्जच्या नांगरांची जेथे ही गत झाली, तेथे लाकडी होडीवरच्या चार-सहा खलाशांनी कोणाच्या भरवशावर राहावे?

थोड्याशा होड्यांसाठी एवढ्या मोठ्या लोकवस्तीने आपला पैसा का खर्च करावा, अशी हरकत काही जण घेतील. तिला उत्तर असे की, ज्या मुखातून होडी आत येते, त्याच मुखातून उपनगरांचे पावसाचे पाणी बाहेर जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नद्या-नाल्यांची वाट अडली म्हणजे काय होते, हे सर्वांनी अनुभवले. खाडी खोल आणि मोकळी असणे हे वर्सोव्याच्या नाखव्याइतकेच अंधेरी-मालाडच्या तळमजल्यावरील कुटुंबाच्याही हिताचे आहे. शिवाय वर्सोवा-मढ, मार्वे-मनोरी आणि बोरिवलीहून गोराईला जाणाऱ्या तरींतील प्रवासी याच पाण्यावर रोज विसंबून असतात.

उपाय अवघड नाहीत. खाडीच्या मुखांची खोली दरवर्षी मोजून तिचे नकाशे मच्छीमार संस्थांना द्यावेत. गाळ काढताना तो तिवरांवर टाकू नये, कारण तिवरांची झाडेच किनाऱ्याची माती धरून ठेवतात आणि आतल्या पाण्याला वाऱ्यापासून आडोसा देतात. खडक आणि उथळ जागा यांच्यावर रात्री दिसणारे दिवे लावावेत. जड काँक्रीटचे ठोकळे तळावर बसवून त्यांना साखळीने जखडलेले कायमचे बोये होड्यांना नेमून द्यावेत, म्हणजे प्रत्येकीला स्वतंत्र नांगर टाकावा लागणार नाही आणि थोड्या जागेत अधिक होड्या निर्धास्त राहतील. आणि वर्सोवा-वांद्रे सागरी सेतू असो की उत्तरेकडे दहिसरपर्यंत जाणारा सागरी रस्ता असो, होड्यांची ये-जा आणि नांगरण्याची जागा यांचा विचार आराखड्यातच व्हावा. वरळीच्या मच्छीमारांना यासाठी दीर्घ काळ झगडावे लागले, तेव्हा कुठे सागरी किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधील अंतर ६० मीटरांवरून १२० मीटर करण्याचे शासनाने मान्य केले. जे आंदोलनानंतर मान्य करता येते, ते आरंभीच मान्य करण्याची तजवीज असावी, एवढीच अपेक्षा आहे.

मत्स्यव्यवसाय खाते, मेरिटाइम बोर्ड आणि महापालिका यांनी पुढच्या १ जूनच्या आत मालाड आणि मनोरी खाड्यांच्या मुखांची पाहणी मच्छीमारांना बरोबर घेऊन करावी, तिचा अहवाल जाहीर करावा आणि कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी. उपनगरांतील नागरिकांनीही आपल्या नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे याचा तगादा लावावा. खाडी साऱ्या उपनगराची आहे, आणि तिच्या रक्षणाचा भार एकट्या कोळीवाड्यावर टाकणे अन्यायाचे आहे.