विश्लेषण : संगणक ‘अपडेट’ झाला, पण बोटाखालची कळ कुठे गेली?

‘विंडोज १०’ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि कार्यालये, महाविद्यालये, सेवा केंद्रे यांतील संगणक एकेक करून ‘विंडोज ११’कडे वळू लागले. नवी प्रणाली सुरक्षित असल्याचे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र वर्षानुवर्षे न बघता दाबली जाणारी एखादी कळ अचानक भलतेच काही करू लागते किंवा काहीच करत नाही. ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. शहाद्याला लागून असलेल्या, शिक्षणसंस्थांमुळे विद्यार्थ्यांची वर्दळ असणाऱ्या लोणखेड्यासारख्या गावात दिवसभर मराठी-इंग्रजीत अर्ज भरून देणाऱ्यांसाठी ती तशी नाही.

हा प्रश्न आताच का?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ११’ ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आणली, तरी जुनी प्रणाली चालते आहे तोवर ती बदलायची गरज बहुतेकांना वाटली नाही. आधार संपल्यावर पर्याय दोनच उरले. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना घ्यायची किंवा नवी प्रणाली टाकायची. नव्या प्रणालीला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक ठिकाणी प्रणालीबरोबर यंत्रही बदलावे लागते. म्हणजे पडद्यावरचे मेन्यू आणि हाताखालचा की-बोर्ड, दोन्ही एकाच वेळी नवे.

नेमके काय बदलले?

सर्वाधिक गोंधळ ‘प्रिंट स्क्रीन’ या कळीचा. पूर्वी ती दाबली की संपूर्ण पडद्याचे चित्र उचलले जाई आणि ‘पेंट’ किंवा ‘वर्ड’मध्ये ‘कंट्रोल+व्ही’ केले की चिकटे. ‘विंडोज ११’च्या २०२३ पासूनच्या अपडेटमध्ये हीच कळ ‘स्निपिंग टूल’ उघडते. पडदा अंधारतो आणि कोणता भाग हवा ते माऊसने निवडावे लागते. ऑनलाइन शुल्क भरताना खात्यातून पैसे गेले, पावती मात्र आली नाही, अशा वेळी त्या क्षणाचा स्क्रीनशॉट हाच विद्यार्थ्याच्या हातातला पुरावा असतो. सवयीने कळ दाबली आणि पुढचे पान उघडले, तर चित्र उचललेच गेलेले नसते.

दुसरा बदल उजव्या क्लिकच्या मेन्यूचा. डेस्कटॉपवर उजवी क्लिक, मग ‘डब्ल्यू’, मग ‘एफ’ असे केले की नवा फोल्डर तयार होत असे. ‘विंडोज ११’ने मेन्यू आटोपशीर केला आणि सुरुवातीला ही अक्षरे गायब झाली, फाइल एक्सप्लोररच्या मेन्यूत ती २०२३ मध्ये परत आली. भारतीयांच्या आवडत्या ‘रिफ्रेश’चेही तेच झाले होते. चाचणी आवृत्तीत तो आतल्या मेन्यूत ढकलला गेला, तक्रारी झाल्या आणि अधिकृत आवृत्ती येण्याआधीच तो पुन्हा वर आणला गेला. (रिफ्रेश केल्याने संगणक वेगवान होत नाही, हे किती वेळा सांगितले तरी बोट थांबत नाही, हा भाग वेगळा.)

तिसरा बदल थेट की-बोर्डवरचा. मायक्रोसॉफ्टने ४ जानेवारी २०२४ रोजी ‘कोपायलट’ कळीची घोषणा केली. १९९४ मधील ‘विंडोज’ कळीनंतर की-बोर्डमध्ये झालेली ही पहिली मोठी भर. तिच्यासाठी बहुतेक लॅपटॉपवर उजवीकडची ‘मेन्यू’ कळ किंवा उजवी ‘कंट्रोल’ कळ हटवण्यात आली.

मराठी लिहिणाऱ्यांना फटका जास्त का?

इंग्रजीत काम करणाऱ्याला की-बोर्ड बदलावा लागत नाही. मराठी टंकलेखकाला तो दर काही मिनिटांनी बदलावा लागतो. नाव मराठीत, ई-मेल इंग्रजीत, पत्ता पुन्हा मराठीत. विंडोजमध्ये भाषा बदलण्यासाठी डावी ‘अल्ट+शिफ्ट’ किंवा ‘विंडोज+स्पेस’ या जोड्या आहेत आणि त्या ‘विंडोज ११’मध्येही कायम आहेत. मग अडते कुठे? अपडेट आणि ‘फॉरमॅट मारणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथे. आहे त्याच प्रणालीवर अपडेट केले तर भाषेच्या निवडी सहसा टिकतात. संगणक कोरा करून नवी प्रणाली टाकली की मराठी की-बोर्ड जातो आणि स्वतः ठरवून घेतलेल्या कळजोड्याही जातात. दुरुस्तीवाला कागदपत्रे आणि छायाचित्रे आठवणीने पेन ड्राइव्हवर घेतो. कळींच्या निवडी कोणी घेत नाही, कारण त्या फाइल म्हणून दिसतच नाहीत. शिवाय त्या वापरकर्त्याच्या खात्याला जोडलेल्या असतात. त्यामुळे त्याच संगणकावर नवे खाते उघडले तरी त्या सोबत येत नाहीत.

मराठी पुन्हा जोडतानाही एक खाच आहे. विंडोज आपणहून ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी देते. ही मांडणी १९८०च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. रोमन उच्चारांवर चालणारा ‘मराठी फोनेटिक’ की-बोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच आहे, पण तो वेगळा जोडावा लागतो. तो जोडला की यादीत इंग्रजी, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे तीन थांबे होतात, कधी ‘इंग्लिश इंडिया’ आणि ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ धरून चार. पूर्वी एकदा कळ दाबली की मराठी येत असे. आता कोणत्या थांब्यावर आहोत हे खाली कोपऱ्यात डोकावून पाहावे लागते.

समजा, ६० विद्यार्थ्यांची यादी दोन्ही लिप्यांत भरायची आहे. प्रत्येक नावामागे दोनदा भाषा बदलली तर १२० वेळा कळ दाबावी लागते. कळीऐवजी माऊसने तेच करताना दर वेळी तीन सेकंद जादा गेले, तरी एका यादीमागे सहा मिनिटे जातात. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागितला जातो. मिनिटाला ३० शब्द म्हणजे दोन सेकंदांना एक शब्द. दहा सेकंद कळ शोधण्यात गेले की पाच शब्द गेले. सराव एका मांडणीवर आणि परीक्षा दुसऱ्या मांडणीवर, अशी वेळ आलेल्या उमेदवाराला हे गणित कोणी समजावून सांगावे लागत नाही.

वेगापेक्षाही मोठा प्रश्न शुद्धतेचा. मराठीतला ‘ऱ्य’ घ्या. इनस्क्रिप्टवर तो ‘शिफ्ट+जे’ने ‘ऱ’, मग ‘डी’ने हलन्त आणि मग ‘य’ असा उमटतो. हा क्रम बोटांत बसलेला असतो. मांडणी बदलली की बोटे जवळची वाट धरतात आणि ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते. मराठीत हा केवळ दिसण्याचा फरक नाही. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ डोंगरातल्या. यातले चुकीचे रूप सरकारी नोंदीत गेले, तर बरोबर शब्द टाकून शोधणाऱ्याला ती नोंद सापडत नाही.

जुन्या, युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरची गत आणखी बिकट. ‘विंडोज ११’ची ३२-बिट आवृत्तीच नाही आणि ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. काही सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलण्यासाठी ‘स्क्रोल लॉक’ दाबायचे असते. अनेक नव्या लॅपटॉपवर ती कळच नसते.

कंपन्या कळी का बदलतात?

प्रत्येक वेळी त्यामागे मनमानी असते असे नाही. गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये ‘बॅकस्पेस’ दाबले की मागचे पान उघडत असे. अर्ज भरताना कर्सर रकान्याबाहेर असला आणि खोडण्यासाठी बॅकस्पेस दाबली, की संपूर्ण अर्ज कोरा होई. २०१६ मध्ये क्रोमने ही सोय काढून टाकली. सवय असलेल्यांनी ओरड केली, पण ऑनलाइन अर्जांच्या या काळात तो निर्णय योग्यच होता. गुगलने काढलेली सोय हवी असणाऱ्यांसाठी स्वतंत्र एक्स्टेन्शनही दिले, हे महत्त्वाचे.

‘विंडोज+सी’ची कथा मात्र याच्या उलट. २०१२ मध्ये ‘विंडोज ८’त या जोडीने कडेची ‘चार्म्स’ पट्टी उघडे. ‘विंडोज १०’मध्ये ती ‘कोर्टाना’कडे गेली, ‘विंडोज ११’ आल्यावर ‘टीम्स’च्या गप्पांकडे आणि २०२३ मध्ये ‘कोपायलट’कडे. साधारण ११ वर्षांत एका कळजोडीचे चार मालक झाले. यातला एकही बदल वापरकर्त्याची चूक टाळण्यासाठी नव्हता. कंपनीला त्या-त्या वर्षी जे उत्पादन पुढे करायचे होते, त्याला मोक्याची जागा दिली गेली. किती जण कळ वापरतात याची आकडेवारी कंपन्यांकडे असते. मात्र जगभरच्या सरासरीत मराठी टंकलेखक फार लहान दिसतो.

हीच गोष्ट मुक्त सॉफ्टवेअरमध्येही घडली आहे. लिनक्सवर भारतीय भाषा लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयबस’ने २०१२ च्या सुमारास भाषा बदलण्याची ‘कंट्रोल+स्पेस’ ही जोडी सोडून ‘सुपर+स्पेस’ स्वीकारली, तेव्हाही नाराजी उमटली होती.

ज्यांना माऊस वापरताच येत नाही, त्यांचे काय?

दृष्टिहीन वापरकर्ता संपूर्ण काम कळींवर करतो. त्याच्यासाठी शॉर्टकट हाच एकमेव रस्ता असतो. ‘एनव्हीडीए’सारखा मोफत स्क्रीन रीडर वापरताना चुकीच्या शब्दाचे पर्याय ऐकण्यासाठी किंवा फाइलचे नाव बदलण्यासाठी ‘मेन्यू’ कळ सतत लागते. कोपायलटसाठी नेमकी तिचीच जागा घेतली गेली. ‘शिफ्ट+एफ १०’ने तेच काम होते, पण त्यासाठी दोन कळी लागतात आणि अनेक लॅपटॉपवर तिसरी ‘एफएन’ही. विंडोजने स्वतःचा ‘नॅरेटर’ सुरू करण्याची जोडीही २०१७ मध्ये बदलली : ‘विंडोज+एंटर’ऐवजी ‘कंट्रोल+विंडोज+एंटर’. चुकून नॅरेटर सुरू होणे त्यामुळे टळले. पण बदलाची सूचना पडद्यावर दाखवली जाते आणि ज्याला ती हवी, त्याला पडदा दिसत नाही.

गेलेली कळ परत मिळते का?

बऱ्याचदा मिळते. ‘प्रिंट स्क्रीन’ पूर्ववत करण्यासाठी सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’, त्यात ‘कीबोर्ड’ आणि तिथे या कळीने स्क्रीन कॅप्चर उघडण्याचा पर्याय बंद करावा. तोवर ‘विंडोज+प्रिंट स्क्रीन’ दाबले तर चित्र थेट ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये साठते. नव्या फोल्डरसाठी ‘कंट्रोल+शिफ्ट+एन’ आणि रिफ्रेशसाठी ‘एफ ५’ आहेच.

मराठीसाठी ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘टायपिंग’, मग ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ आणि तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडावे. इथे मराठीला स्वतंत्र कळजोडी देता येते. नको असलेले थांबे भाषेच्या यादीतून काढून दोनच ठेवले, तर जुनी एका दाबाची सोय परत येते. ‘कोपायलट’सह इतर कळींना वेगळे काम देण्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘पॉवरटॉइज’ हे मोफत साधन आहे. मात्र ते पार्श्वभूमीत चालू राहावे लागते आणि कार्यालयीन संगणकावर ते टाकायला प्रशासकाची परवानगी लागू शकते. संगणक फॉरमॅट करायला देण्यापूर्वी ‘हॉट कीज’च्या या पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले, तर नवी प्रणाली टाकल्यावर त्याच निवडी पुन्हा भरायला पाच मिनिटे पुरतात.