पुस्तकाचंही नाव छापा




चित्रपट पाहिला की मूळ कादंबरी वाचायची गरज उरत नाही, हे गेल्या अंकातील वाचकपत्रातलं मत मला मुळीच पटलं नाही. ‘जोगवा’ चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, अजय-अतुल यांची गाणी घरोघरी पोचली, पण त्यामागे राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ कादंबरीचंही तेच.

‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी चांगला चित्रपट केला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी हाती घ्याच. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा भरवतो, गावाला हाताशी धरून तालीम उभी करतो आणि दुष्काळात तीच वाडी ओस पडते. ही वाडी माणदेशातली आणि माणदेश आमच्या शेजारचा, त्यामुळे ती पानं वाचताना पोटात कालवतं. मेंढरांमागे चाललेली अशी बिऱ्हाडं करकंबच्या रस्त्यानं आम्ही पाहिली आहेत.

म्हणून चित्रपट पुरस्कारांची नामांकनं छापताना चित्रपटाच्या नावाखाली मूळ पुस्तकाचं आणि लेखकाचं नावही द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, करकंब (ता. पंढरपूर, जि. सोलापूर)